गोठ्यांतील शेगडी

“वार्षिकासाठीं आपणही कांहीं लिहावें,” असें सांगण्यास संपादकमंडळाचे दोन विद्यार्थी माझ्या घरीं आले, तेव्हां माझे दोन्ही हात कोंपरापर्यंत चिखलानें भरलेले होते. अंगणांत एक जुनी शेगडी उपडी पडली आहे, शेजारीं विटेच्या सुरकीचा ढीग आहे, आणि नेहमीं फळ्यापुढें उभे राहणारे मास्तर उकिडवे बसून माती मळीत आहेत, हें दृश्य पाहून त्या दोघांना हंसूं आवरेना. “कशावर लिहूं?” असें मीं विचारलें. त्यांतला जो धीट होता तो म्हणाला, “सर, ह्या शेगडीवरच लिहा.”

त्याचें म्हणणें मीं मानलें आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु ह्या शेगडीपायीं एका रात्रीं आमच्या घरांतील तीन जीव जातां जातां वांचले, आणि त्या रात्रीचें शल्य माझ्या आईच्या मनांत पस्तीस वर्षें राहिलें. तें शल्य माती मळतां मळतां कसें बाहेर आलें, तें सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हल्लींच्या पुष्कळ मुलांनीं कोळशाची शेगडी पाहिलेली नसते. म्हणून आधीं तिचें रूप सांगतों. आमची शेगडी बादलीची होती. बाहेरून जाड पत्र्याची बादली. तिच्या खालच्या अंगाला वारा आंत जावा व राख बाहेर ओढतां यावी म्हणून कापलेलें चौकोनी तोंड. आंत भाजलेल्या मातीचें जाड कुंड. कुंडाच्या मध्यावर भोंकांची, मातीचीच जाळी. कांठावर भांडें टेकण्यासाठीं तीन उंचवटे. आणि पत्रा व कुंड ह्यांच्यामधील पोकळींत ठासून भरलेली माती व राख. जाळीवर कोळसे रचावयाचे, खालच्या तोंडाशीं ताडाच्या पानाच्या पंख्यानें वारा घालावयाचा, कीं थोड्या वेळांत निखारे फुलून लाल होत.

ह्या रचनेंतील खुबी मातींत आहे. लोखंडाला उष्णता धरवत नाहीं, आणि मातीला ती सहजासहजीं सोडवत नाहीं. नुसत्या पत्र्याच्या शेगडींत निम्मी आंच चारी अंगांनीं बाहेर पळते; मातीचें कुंड असलें म्हणजे ती कोळशापाशीं व भांड्यापाशींच राहते, कोळसा कमी लागतो, आणि बाहेरून हात लागला तरी पोळण्याचें भय कमी. ही युक्ति एकट्या आपल्या देशाची नाहीं. जपानांत ‘शिचिरिन’ नांवाची लहान शेगडी असते; ती समुद्रांतील सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या हलक्या मातीची करतात. तेथल्याच ‘कामाडो’ नांवाच्या, झांकणाच्या जाड चुली दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनीं मायदेशीं नेल्या, आणि आज तिकडे मांस भाजण्यासाठीं अंड्याच्या आकाराच्या मोठमोठ्या मातीच्या शेगड्या लोक हौसेनें घरीं ठेवतात. आफ्रिकेंत केनिया देशीं १९८० नंतर जी ‘जिको’ शेगडी घरोघर पसरली, ती तर थेट आमच्या शेगडीची बहीण शोभेल: बाहेर पत्रा, आंत भाजलेल्या मातीचें कुंड. तिचा नमुना थायलंडांतील बादलीच्या शेगडीवरून घेतला होता.

आमच्या लहानपणीं ही शेगडी घराची लक्ष्मीच होती. आमचें खेडें शिरपुरापासून कांहीं कोसांवर. सकाळचा चहा तिच्यावर, दूध तापे तें तिच्यावर. खानदेशांत वांग्याचें भरीत करावयाचें तें कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजून, हा शिरस्ता खरा; पण चार वांगीं भाजावयाचीं असलीं कीं आई तीं शेगडीवरच भाजी. नाताळ आला म्हणजे तर शेगडीचा मान सर्वांत मोठा. घरांत भट्टी कोठली असणार! आई पातेल्यांत केकचें पीठ ओती, पातेलें मंद निखाऱ्यांवर ठेवी, वर पितळी ताट झांकी आणि ताटावरही निखारे पसरी. खालीं विस्तव, वर विस्तव, आणि मधें तो केक हळूंहळूं फुगत असे. त्या वासानें आम्ही दोघें भावंडें पडवी सोडीत नसूं.

आतां त्या रात्रीकडे येतों. खानदेशचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. पण येथील थंडीही लहानसहान नव्हे. जानेवारींत आपल्या धुळें-शिरपूर भागांत पारा कित्येकदां दहा अंशांच्या खालीं उतरतो. मी तेव्हां आठ वर्षांचा होतों. माझी धाकटी बहीण तीन वर्षांची. तिला दोन दिवस खोकला येत होता. वडील जिनिंग कारखान्यांत कारकून होते, आणि कापसाचा हंगाम असल्यामुळें त्यांची रात्रपाळी होती. आमचें घर धाब्याचें. म्हणजे मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचेंच छत. कौलांना फटी असतात, धाब्याला त्या नसतात. आईनें रात्रीं शेगडींत ताजे कोळसे घातले, ते चांगले फुलूं दिले, आणि धूर पार गेला असें पाहून शेगडी आंतल्या खोलींत आणून ठेवली. नंतर तिनें दाराला कडी लावली आणि एकुलत्या एका खिडकींत गोणपाट कोंबलें. खोलींत धूर नव्हता, दर्प नव्हता. ऊब मात्र सुरेख होती. बहिणीचा खोकला थांबला, आणि आम्ही सारीं झोंपलों.

मध्यरात्रीं केव्हां तरी मी जागा झालों. डोक्यांत कोणी घण घालीत आहे असें वाटत होतें. पोटांत ढवळत होतें. आईला हांक मारली, ती हुंकारही देईना. उठावयास गेलों, तर पायांत बळ नव्हतें. तोल जाऊन मी जो पडलों तो भिंतीपाशींच्या उतरंडीवर. एकावर एक रचलेलीं मडकीं धडाधड खालीं आलीं, आणि त्या आवाजानेंच आम्हांला वांचविलें. शेजारच्या मावशी जाग्या झाल्या. त्यांनीं हांका मारल्या, उत्तर मिळेना, तेव्हां त्यांनीं व त्यांच्या मुलानें मिळून दार ढकलून कडी उचकटली व आम्हां तिघांना ओढून अंगणांत आणलें. माझी बहीण चिंधीसारखी लोंबत होती. गार वाऱ्यांत बऱ्याच वेळानें ती रडली. तें रडणें ऐकूनच आईनें डोळे उघडले, असें मावशी पुढें नेहमीं सांगत.

गांवांत कोणी ह्याला करणी म्हणाले, कोणी बाहेरची बाधा. तालुक्याच्या डॉक्टरांनीं मात्र एका वाक्यांत सांगितलें कीं, हा कोळशाचा वायु आहे. त्या वायूचें नांव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा जळावयास भरपूर हवा लागते. खोली बंद असली कीं आंतील प्राणवायु कमी होत जातो, जळणें अपुरें राहतें, आणि हा वायु निर्माण होऊन खोलींत सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूला वाहून नेतें. पण त्याची ओढ ह्या वायूकडे प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक असते. त्यामुळें श्वास चालू असतांही शरीर आंतून गुदमरतें, आणि झोंपलेल्या माणसाला तें कळतही नाहीं. ‘धूर गेला, आतां भय नाहीं,’ ही जी आईची समजूत होती, तीच घातक होती. खरें भय धूर गेल्यावरच होतें. कारण धूर निदान डोळ्यांना झोंबून माणसाला बाहेर तरी काढतो.

दुसऱ्या दिवशीं आईनें ती शेगडी स्वतः उचलून घरामागील गोठ्याच्या कोंपऱ्यांत नेऊन टाकली. “वैरीण आहे ती,” एवढेंच ती म्हणाली. पुढें घरांत रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला. नाताळाचा केक बाजारांतून येऊं लागला. त्या रात्रीचा विषय कोणी काढला तर आई उठून जाई. म्हणून आम्हीं तो काढणेंच सोडून दिलें.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत तें जुनें घर पाडावयाचें ठरलें. सामान हलवितांना गोठ्याच्या कोंपऱ्यांत, मोडक्या दावणीखालीं ती शेगडी मला दिसली. तिची दशा पाहवत नव्हती. पत्र्याचा तळ गंजून चाळणीसारखा झाला होता. कुंडाचा वरचा अर्धा भाग ढासळून त्याचीं खापरें आंत पडलीं होतीं. कांठाच्या आडोशाला कुंभारीण माशीनें मातीचीं घरटीं बांधलीं होतीं, तींही ओस पडलीं होतीं. आणि जाळीखालीं, घट्ट बसलेली, ओलसर, करडी राख होती. ती त्या रात्रीची राख होती. ती काढण्याइतकाही हात आईनें पुन्हां शेगडीला लावला नव्हता! तळ खाल्ला होता तोही त्या राखेनेंच; कारण राख हवेंतला दमटपणा ओढून धरते, आणि ओली राख पत्र्याशीं वर्षानुवर्षें चिकटून राहिली कीं पत्रा टिकत नाहीं. तिला वापरून जी झीज झाली असती, तिच्या दसपट ती न वापरतां झाली होती.

मी शेगडी शिरपुरास घरीं आणली. आई आतां माझ्याजवळच असते. तिनें एकदां पाहिलें, कांहीं न बोलतां ती आंत गेली, आणि तिनें दार ओढून घेतलें.

साफसफाईला चार दिवस लागले. राख कोरडी करून ब्रशानें झाडली. भाजलेली माती स्पंजासारखी सच्छिद्र असते. तिला साबण लावला तर तो आंत मुरतो आणि पुढें तापल्यावर त्याचा दर्प अन्नाला लागतो, म्हणून कुंडाला साबण मुळींच लावला नाहीं. जुना तेलकट थर ओल्या फडक्यानेंही निघाला नाहीं, तेव्हां तो विस्तवावरच सोंपविला. जें विस्तवानें चिकटतें तें विस्तवच जाळून काढतो. पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश कागदानें घासून काढला. तळ मात्र नवाच बसवावा लागला; पत्र्याचें काम करणाऱ्या एका कारागिरानें रिबिटा मारून तो पक्का करून दिला.

आतां कुंडाचा वरचा भाग. माती म्हणजे माती, असें समजून मीं शेतांतली काळी माती आणली, पाणी घालून मळली, आणि ढासळलेल्या जागीं लिंपली. दोन दिवस ऊन दिलें. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों त्या लिंपणाला चैत्रांतल्या रानासारख्या भेगा पडलेल्या! माझ्या वर्गांतला एक मुलगा त्या वेळीं वही द्यावयास आला होता. तो कांहीं वेळ पाहत राहिला आणि भीत भीत म्हणाला, “सर, काळी माती नाहीं चालत. माझ्या आजोबांना विचारूं का?” त्याचे आजोबा कुंभार. दुसऱ्या दिवशीं म्हातारबाबा स्वतः आले. माझें काम पाहून ते जरासे हंसले आणि आपल्या अहिराणींत म्हणाले, “मास्तर, हाई माटी पानी पिस नि फुगस, सुकनी का फाटस.”

ह्या एका वाक्यांत सारें शास्त्र होतें. आपली काळी जमीन कापसाला उत्तम कां, तर तिचे अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व ओल धरून ठेवतात. पण तेंच पाणी उडालें कीं ती तितकीच आकसते, आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा धडा मीं भूगोलाच्या तासाला कितीदां तरी शिकविला आहे. हात मातींत घातला तेव्हां तो मला आठवला नाहीं.

बाबांनीं आपल्याकडची चाळलेली माती दिली, तींत घोड्याची लीद व थोडी सुरकी घालावयास सांगितली. नंतर त्यांनीं विचारलें, “जुनीं खापरें कोठें आहेत?” मीं तीं उकिरड्यावर टाकण्यासाठीं पाटींत भरून ठेवलीं होतीं. बाबांनीं तीं परत मागितलीं, मला कुटावयास लावलीं, आणि ती भरड नव्या मातींत मिसळली. त्यांचें कारण असें. कोरी माती वाळतांना आकसते. पण जें एकदां भाजून निघालें आहे, तें पुन्हां आकसत नाहीं. त्याची भरड आंत असली म्हणजे ती नव्या मातीला धरून ठेवते, फाटूं देत नाहीं. शिवाय जुन्या कुंडाची कड पाण्यानें भिजवून, खरवडून मगच नवी माती लावावयाची. नाहीं तर कोरडी कड नव्या मातीचें पाणी पिऊन टाकते आणि सांधा सुटतो. जातां जातां बाबांनीं बजावलें, “माटीले घाई चालत नही. पंधरा दिन सावलीमा.”

पंधरा दिवस! मला दहाव्या दिवशींच वाटलें कीं, झालें. वरून लिंपण खडखडीत वाळलेलें होतें, बोटानें वाजवलें तर वाजत होतें. शाळेला सुट्टी होती. मीं शेगडी अंगणाच्या मध्यभागीं ठेवली, कोळसे भरले आणि पंख्यानें जोरानें वारा घातला. पांच-सात मिनिटें झालीं असतील नसतील, इतक्यांत फटाक्यासारखा आवाज होऊन लिंपणाचा तळहाताएवढा पापुद्रा उडाला आणि एक निखारा माझ्या पायाशीं येऊन पडला. माती वरून वाळली होती, पण पोटांत ओली होती. त्या पाण्याची वाफ झाली. वाफेला पाण्याच्या सोळाशें पटींहून अधिक जागा लागते. बाहेर पडावयास वाट नव्हती, ती तिनें फोडून काढली. हाही धडा मी वीस वर्षें शिकवीत आलों आहें.

आवाज ऐकून आई धांवत बाहेर आली. तिच्या वयाच्या मानानें तें धांवणेंच होतें. तिनें आधीं माझे हातपाय पाहिले, मग शेगडीकडे पाहिलें, आणि ती ओट्यावर बसली. तिचे हात कांपत होते. मी म्हणालों, “आई, मला कांहीं झालें नाहीं. चूक माझीच होती. शेगडीचा दोष नाहीं.”

बराच वेळ ती बोलली नाहीं. मग खालीं पाहत म्हणाली, “तेव्हांही नव्हता.”

मी गप्प राहिलों.

“दार मीं लावलें होतें,” ती म्हणाली. “गोणपाटही मींच कोंबलें. लेकराला वारा लागूं नये म्हणून. तिला वैरीण म्हटलें; दुसरें काय म्हणणार? मावशी आल्या नसत्या तर...” पुढें तिला बोलवेना.

वाचकहो, पस्तीस वर्षें आम्ही समजत होतों कीं, आईला त्या शेगडीचा राग आहे. तो राग नव्हता. आपल्या हातून आपलीं मुलें गेलीं असतीं, ही गोष्ट तिला कोणापुढें बोलतां येत नव्हती. म्हणून तिनें ती शेगडींत घालून गोठ्यांत ठेवली होती, राखेसकट. आणि आम्ही घरचीं शहाणीं माणसें! आम्हीं तिला एकदां तरी विचारावयास हवें होतें. आम्हीं विषय टाळला, आणि त्यालाच तिची काळजी घेणें समजलों.

मी म्हणालों, “आई, कोळशाचा वायु असतो, हें तुला त्या वेळीं कोणीं सांगितलें होतें का?”

“कोण सांगणार?” ती म्हणाली. “धूर गेला कीं शेगडी आंत घ्यावी, एवढें माझ्या आईनें सांगितलें होतें.”

“मग जें कोणीं सांगितलेंच नाहीं, तें तुला कसें कळणार?”

तिनें उत्तर दिलें नाहीं. पण ती उठली, शेगडीपाशीं आली, उडालेल्या पापुद्र्याच्या जागीं तिनें अंगठा फिरविला, आणि मला म्हणाली, “असा एकदम विस्तव घालतात होय? पहिल्या दिवशीं गोवरीचा नुसता तुकडा लावावा.”

त्या दिवसापासून शेगडीचें काम आईच्या हातीं गेलें. तिनें माती पुन्हां मळवून घेतली, ओल्या बोटानें ती अशी सारखी केली कीं सांधा कोठें आहे तें ओळखूं येईना. वरून ओलें गोणपाट पसरून पहिले चार दिवस झांकून ठेवलें, म्हणजे वरचा थर आधीं वाळून आंतलें पाणी कोंडलें जाऊं नये. गोणपाट हातांत घेतांना ती क्षणभर थांबली, तें मीं पाहिलें. सावलींत पंधरा नव्हे, वीस दिवस गेले. मग पहिल्या दिवशीं गोवरीचा तुकडा; दुसऱ्या दिवशीं दोन; तिसऱ्या दिवशीं मूठभर कोळसे, पंखा न घालतां; आठवडाभर असें वाढवीत नेलें. शेगडीला शेवटीं तिचा स्वतःचाच विस्तव भाजून काढतो. उन्हांत वाळलेली माती पाण्यांत टाकली तर तिचा पुन्हां चिखल होतो. पण सुमारें सहाशें अंशांपर्यंत ती तापली, कीं तिच्या घडणींतलें पाणीही निघून जातें, आणि मग तिचा चिखल कधींच होत नाहीं.

मातीच्या ह्या टिकाऊपणाचा पुरावा आपल्याला दूर शोधावयास नको. आपल्याच तापीकांठीं सावळदा हें गांव आहे. तेथें सांपडलेल्या चितारलेल्या खापरांवरून पुराणवस्तुसंशोधकांनीं एका प्राचीन लोकजीवनाला ‘सावळदा संस्कृति’ असें नांव दिलें. तीं माणसें सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं ह्या खोऱ्यांत रहात होतीं. तापी व गोमाई ह्यांच्या संगमावरील प्रकाशें येथें १९५५ सालीं उत्खनन झालें, तेथेंही अशींच पुरातन खापरें निघालीं. त्या लोकांचीं घरें गेलीं, धान्य गेलें, भाषा गेली. पण विस्तवांतून निघालेली माती अजून आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं शेगडी प्रथम स्वयंपाकाला लावली. बहीण मुंबईहून मुलांना घेऊन आली होती. शेगडी अंगणांत ठेवली. आईनें कोळसे रचले. कोठें मोठे, कोठें बारीक, हें तिच्या हाताला पस्तीस वर्षांनंतरही आठवत होतें. हिरवीं, लांबट, आपल्या खानदेशचीं भरिताचीं वांगीं तिनें निखाऱ्यांवर ठेवलीं. सालीं काळीं पडूं लागलीं, रस गळून चर्र आवाज होऊं लागला. तेवढ्यांत आई मान वर करून म्हणाली, “दारें-खिडक्या उघड्या आहेत ना रे?”

बहीण हंसली. “आई, आपण अंगणांत आहोंत.”

“असूं दे. आंतलीं पण उघड.”

मीं उठून घरांतलीं सारीं दारें-खिडक्या उघडल्या. पहिलें वांगें सोलून आईनें बहिणीच्या ताटांत वाढलें. ती खात असतां आई तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिली, कीं शेगडीवरचें दुसरें वांगें जवळजवळ करपलें. तेंही आम्हीं खाल्लें.

विद्यार्थीमित्रहो, शेगडीची गोष्ट येथें संपली. तुम्हीं पुन्हां कोळशावर स्वयंपाक करावा, असें माझें सांगणें नाहीं. रोजच्या धुरानें आपल्या आयाबहिणींच्या फुफ्फुसांचें फार नुकसान केलें आहे, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेसारख्या उपायांनीं गॅस खेड्यापाड्यांत पोंचला, हें चांगलेंच झालें. पण थंडीच्या दिवसांत अजूनही कित्येक घरांत शेकावयास निखारे आंत घेतात. म्हणून जें माझ्या आईला कोणीं सांगितलें नाहीं, तें मी तुम्हांला व तुमच्या पालकांना सांगतों. बंद खोलींत कोळशाची शेगडी कधींही ठेवूं नका. धूर गेला म्हणून नाहीं, निखारे राखेनें झांकले म्हणून नाहीं, दार थोडें किलकिलें ठेवलें म्हणूनही नाहीं. शेकून घ्यावयाचें तें उघड्यावर, आणि झोंपण्यापूर्वीं विस्तव घराबाहेर. शेगडीजवळ बसलेल्या कोणाचें डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर त्याला आधीं मोकळ्या हवेंत आणा, मग डॉक्टरांना बोलवा. आज घरीं जाऊन एवढें जरी तुम्हीं सांगितलेंत, तरी ह्या लेखाचें काम झालें.

दुसरी गोष्ट पालकांसाठीं, आणि माझ्या स्वतःसाठींही. आपल्या प्रत्येकाच्या घरीं कोठल्या तरी गोठ्यांत एखादी शेगडी पडलेली असते, आणि तिच्यांत कोणाची तरी राख तशीच असते. ती आपण होऊन काढावी. ती काढतांना आपले हात काळे होतात, आणि एखादे वेळीं पापुद्राही उडतो. पण कुंभारबाबांचें बोलणें मला पटलें आहे: फुटलेलें उकिरड्यावर टाकूं नये. तें कुटून नव्या मातींत घातलें, तर नव्याला तडा जात नाहीं.

आमची शेगडी आतां पडवींत कोरड्या जागीं असते. वापरून झाली कीं तिची राख त्याच दिवशीं काढतात. तें काम आई दुसऱ्या कोणाला करूं देत नाहीं.